वीस मिनिटांची कॉफी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, महिला विभागाच्या दुपारच्या कार्यक्रमात प्रात्यक्षिकासह दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतली मंडळी, जेवणानंतरची हक्काची डुलकी सोडून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि मागे पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेल्या बंधूंनो,

या व्यासपीठावर आजवर मोठमोठी व्याख्यानं झाली. २ ऑगस्ट १९५४ च्या मुक्तिसंग्रामावर झाली, ज्ञानेश्वरीवर झाली. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं ज्या भूमीसाठी जिवावर उदार होऊन आली, तिथे उभी राहून मी आज कॉफी कशी करावी यावर बोलणार आहे. विषय ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं, "लोक मधेच उठून गेले तर?" मी म्हटलं, "कॉफी सगळ्यात शेवटी देणार आहे. कोणी उठत नाही."

आपल्याकडे चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. रस्त्यावर निघालो तर टपरीवर आलं-पुदिन्याची 'अडधी' मिळते, ती आपण आवडीनं पितो. पण घरी व्याही आले, मुलगी बघायला कोणी आलं, उपास असला, की कॉफी. भरपूर दूध, भरपूर साखर, वर जायफळ. मी त्या कॉफीला नावं ठेवायला आलेली नाही. माझा संसार त्याच कॉफीवर झाला. तो कसा, हे आधी सांगते, म्हणजे या काचेच्या भांड्याच्या नादी मी का लागले ते कळेल.

आम्ही १९८७ साली इचलकरंजीहून सिल्वासाला आलो. ह्यांना आमलीतल्या एका यार्नच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागली होती. करसवलतींमुळे तेव्हा इथे भराभर कारखाने उभे राहत होते, आणि कोणी सोलापूरहून, कोणी जळगावहून वापीला गाडीतून उतरून इथे येत होतं. पुढे मला मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. ह्यांची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची. सव्वासातला सायकल दारात. मला शाळेसाठी सात पस्तीसला घर सोडावं लागायचं. मध्ये उरायची वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत आम्ही कॉफी प्यायचो. दूध तापलेलं असायचं, कपात इन्स्टंट कॉफी आणि साखर घोटलेली असायची, जायफळाचे दोन वेढे सहाणेवर उगाळलेले असायचे. मुलीची फी, घराचा हप्ता, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, इचलकरंजीची वाटणी, सगळं त्या वीस मिनिटांत ठरलं. भांडणंही वीस मिनिटांत बसतील एवढीच झाली. पाळीच्या नोकरीत ज्यांचे संसार झालेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे २०१७ ला निवृत्त झाले, मी २०१९ ला. आता वेळच वेळ. आणि त्याच वर्षी ह्यांची रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, साखर बंद, दूध बेतानं. कॉफीतली साखर काढली आणि ह्यांनी पहिल्या दिवशी अर्धा कप ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन घोट घेतले. मग गोड गोळ्या टाकून पाहिल्या. त्यांची चव जिभेवर मागे राहते म्हणाले. चौथ्या दिवशी म्हणाले, "मला नको. तुझी तू घे." पाण्याबरोबर औषधाची गोळी घ्यायची आणि पेपर घेऊन गॅलरीत बसायचं, असं सुरू झालं.

तीस वर्षं वेळ नव्हता तेव्हा आम्ही रोज बोलत होतो. आता दिवसभर एका घरात होतो आणि बोलायला निमित्त नव्हतं. "भाजी काय आणू" आणि "गॅस बंद केलास का", याच्या पुढे गाडी जाईना. माणूस कामावरून उतरला की त्याला आपण कशालाच लागत नाही असं वाटायला लागतं. हे तसं बोलून दाखवणाऱ्यांतले नाहीत, पण मला दिसत होतं.

त्या दिवाळीला मुलगी बंगळूरहून आली आणि हे भांडं ठेवून गेली. याला फ्रेंच प्रेस म्हणतात. काचेचं उभं भांडं, वर झाकण, झाकणातून जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. एवढंच यंत्र. वीज नाही, कागद नाही. "आई, यात केलेली कॉफी बिनसाखरेची पिता येते," म्हणाली आणि गाडी पकडून गेली. कशी करायची ते सांगायचं राहिलं.

मी विज्ञानाची शिक्षिका. पहिल्या दिवशी काय केलं असेल? त्यात घरातली इन्स्टंट कॉफी टाकली, पाणी ओतलं आणि दांडा दाबला. खाली काहीच बसेना. बसणार कसं? इन्स्टंट म्हणजे कारखान्यात एकदा काढून वाळवलेली कॉफी. ती पाण्यात विरघळून जाते, गाळायला मागे काही उरतच नाही. हे मला कळायला पूर्ण एक कप लागला.

दुसऱ्या खेपेला दुकानातून दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पूड आणली. ती मैद्यासारखी बारीक होती. जाळी तुंबली, दांडा अडला, मी जोर लावला. आतली उकळती कॉफी चोचीतून उसळली आणि मनगटावर आली. हा डाग अजून आहे, बघा. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. दांडा अडला तर कधीही जोर लावायचा नाही. वर ओढायचा, क्षणभर थांबायचं, मग हळू खाली न्यायचा. तरीही अडला तर ती पूड या भांड्याची नव्हे. काचेचं भांडं आणि उकळतं पाणी आहे. नातवंडं जवळ असतील तर त्यांना लांब ठेवायचं.

मनगटाला थंड पाणी लावताना हे शेजारी येऊन उभे राहिले. पाच मिनिटं ते भांडं उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "तू एका वेळी किती गोष्टी बदलतेस?" मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाले, "मशीनवर यार्नचा शेड बिघडला तर आम्ही हीटरचं तापमान आणि मशीनचा वेग एकदम बदलत नसू. एक बदलायचं, त्या यार्नचा मोजा विणायचा, तो रंगवून बघायचा, वहीत लिहायचं, मग दुसरं." आणि जुन्या डायरीतली कोरी पानं काढून त्यांनी रेघा मारल्या. तारीख, पूड किती, पाणी किती, किती मिनिटं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कारखान्यातल्यासारखं ए ग्रेड, बी ग्रेड, रिजेक्ट. सुरुवातीचे नऊ दिवस आमच्या घरात सगळा माल बी ग्रेड आणि रिजेक्ट निघाला. पण सकाळी आम्ही परत समोरासमोर बसायला लागलो होतो.

आता त्या वहीतून जे निघालं ते सांगते. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

भाजलेल्या कॉफीच्या दाण्यातलं सगळंच पाण्यात उतरत नाही, आणि जे उतरतं ते एकदम उतरत नाही. आधी आंबटपणा येतो, मग गोडसर चव येते, कडू आणि तुरट भाग मागून येतो. म्हणजे वेळ कमी दिला तर कॉफी आंबट आणि पाणचट; फार वेळ दिला तर काढ्यासारखी कडू. आपल्याला मधे थांबायचंय. भाजलेल्या दाण्यात गोडसरपणा असतो बरं का. आपण तो कडवटपणाखाली गाडून टाकतो, आणि मग वरून दोन चमचे साखर घालून त्याची भरपाई करतो.

मधे थांबायला हाताशी चार दोऱ्या आहेत. पूड किती जाड, पूड किती, पाणी किती गरम, आणि वेळ किती.

पहिली दोरी, पूड. ही सगळ्यात महत्त्वाची. लाडवाच्या बारीक रव्यासारखी नको, मैद्यासारखी तर मुळीच नको. उपम्याच्या जाड रव्यासारखी हवी. बारीक पुडीतून सगळं चटकन उतरतं, कडूही उतरतं, आणि जाळीतून गाळ निसटून शेवटच्या घोटाला जिभेवर येतो. विकत घेताना "फ्रेंच प्रेससाठी जाड दळून द्या" असं सांगायचं. आख्खे दाणे आणलेत तर हाताची छोटी दळणी चांगली. ती नसेल तर मिक्सर चालतो, पण एकसारखा फिरवायचा नाही. दोन सेकंद फिरवायचा, थांबायचं, हलवायचं, परत दोन सेकंद. मग बारीक चाळणीनं चाळायचं. वरचं जाड या भांड्याला; खाली पडलेली धूळ टाकू नका, दुधाच्या कॉफीला उकळून वापरा. आपण मराठी माणसं, वाया काही घालवणार नाही.

पूड आणताना पाकिटावर चिकोरी लिहिलीय का ते बघा. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. लांबची गोष्ट नाही, आपल्या शेजारच्या गुजरातेतच तिची शेती होते. दुधाच्या फिल्टर कॉफीला चिकोरीनं दाटपणा येतो, तिथे ती शोभते. पण आपल्याला दूध-साखरेशिवाय प्यायचीय, तिथे तिचा कडवटपणा उघडा पडतो. म्हणून शंभर टक्के कॉफी घ्यायची. जातीही दोन आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टा कडक, तिच्यात कॅफिन साधारण दुप्पट; अरेबिका सौम्य आणि सुवासिक. बिनसाखरेची सुरुवात करताना अरेबिका घ्या, आणि भाजणी मध्यम. काळीकुट्ट, तेल सुटलेली भाजणी नको. शेंगदाणे करपले की कूट कडू होतं, तसंच आहे.

दुसरी दोरी, प्रमाण. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड. माझं घरचं भांडं ३५० मिलिलिटरचं आहे, त्याला २१ ग्रॅम लागते. पोह्याच्या मोठ्या चमच्यानं सपाट चार चमचे साधारण तेवढे भरतात, पण एकदा तरी वजनकाट्यावर मोजून आपला चमचा किती घेतो ते बघा. प्रत्येकीचा चमचा वेगळा. पुष्कळ जणी कडू लागते म्हणून पूड कमी करतात. तिथे उलटं होतं. थोड्या पुडीतून खूप पाणी गेलं की तिच्यातला कडू अंशही निघून येतो. कॉफी कडक वाटली तर नेहमीसारखीच करा आणि कपात वरून गरम पाणी घाला.

तिसरी दोरी, पाणी. पाण्याला उकळी आणायची, गॅस बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं. म्हणजे ते ९५ अंशांच्या आसपास येतं. कोमट पाण्यात आंबट राहते. आणि पाणी कुठलं? आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो. त्यात कॉफी मातकट लागते. उलट आरओचं पाणी फारच कोरं असेल तर कॉफी निर्जीव लागते, कारण चव उतरवून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. आम्ही दोन्ही पाण्यांनी करून पाहिली, मग अर्धं-अर्धं केलं. वहीत तेराव्या दिवशी पहिला ए ग्रेड आहे, तो या मिश्रणाचा.

चौथी दोरी वेळ. ती आता आपण प्रत्यक्षच बघू.

हे मोठं भांडं एक लिटरचं आहे, भाचीकडून मागून आणलंय. आधी गरम पाण्यानं विसळून घेतलं, म्हणजे थंड काच पाण्यातली उष्णता खाणार नाही, आणि एकदम तडकणारही नाही. यात ६० ग्रॅम पूड घातली. आता पाणी ओतते. सगळी पूड भिजली पाहिजे. बघा कशी फुगून वर आली. ताजी भाजलेली असली की आतला वायू असा बाहेर पडतो. पूड फुगलीच नाही तर समजायचं, माल जुना आहे. झाकण नुसतं ठेवलं, दांडा वरच. कोणीतरी घड्याळ लावा. चार मिनिटं.

या चार मिनिटांत दोन गोष्टी सांगते.

कॉफी आपल्याकडे परकी वाटते, पण तिचं घर फार लांब नाही. बाबा बुदन नावाचे एक सूफी संत सतराव्या शतकात हजला गेले होते. येताना येमेनमधून त्यांनी कॉफीचे सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात, आणि देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' असा शब्द होता, तो अरबीवरून आला. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी आहे बरं, मेळघाटात चिखलदऱ्याला. इंग्रजांच्या काळापासून तिथे थोडीफार होते. विदर्भातल्या मैत्रिणी मान डोलावताहेत.

दुसरी गोष्ट आपल्या पावसाची. पूर्वी मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफी शिडाच्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. कित्येक महिने दमट हवेत राहून दाणे फुगायचे, पिवळट व्हायचे आणि त्यांचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय लागली. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, वाफेची जहाजं आली, माल लवकर आणि कोरडा पोचायला लागला. तर ती चवच गेली! मग किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा द्यायला सुरुवात झाली. तिचं नाव मॉन्सून्ड मलबार. ज्यांना आंबट मुळीच सोसत नाही, त्यांनी ती घेऊन बघावी.

पण म्हणून घरची पूड पावसाळी हवेत उघडी ठेवू नका! तिथे कच्चे दाणे असतात, आपली पूड भाजलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापड हातात वाकतो. पूड घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उन्हापासून आणि गॅसपासून दूर ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे लसणाच्या चटणीचा वास लागतो. थोडी आणा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

आणि हे भांडं फ्रेंच आहे की नाही? १८५२ साली फ्रान्समध्ये अशा रचनेचं पहिलं पेटंट निघालं, पण जाळी भांड्याला नीट चिकटून बसत नसे. १९२९ मध्ये मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी यांनी सुधारित पेटंट घेतलं. पुढे १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी आणखी सुधारणा केली, आणि ते भांडं फ्रान्समध्ये सनई-क्लॅरिनेट जातीची वाद्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार होऊ लागलं. नाव फ्रेंचांचं, डोकं निम्मं इटलीचं. माहेरचं नाव लग्नानंतर बदलतं, तसं काहीसं.

झाली चार मिनिटं? आता दांडा दाबायचा नाही! झाकण काढते. वर साय धरल्यासारखा पुडीचा थर आहे. चमच्यानं तो हलकेच मोडायचा, दोन-तीनदा फिरवायचा. बघा, पूड खाली बसायला लागली. वर जो फेस राहिला तो चमच्यानं काढून टाकायचा. त्यात कडवटपणा आणि बारीक गाळ असतो. हे आपल्याला आणखी चांगलं कळतं. पाकावरची मळी आपण काढतोच की. आता आणखी चार मिनिटं तसंच ठेवायचं. जाड पूड असल्यामुळे ती कडू होत नाही, गाळ तळाशी बसतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. फार गरम असताना चव कळतच नाही. मग दांडा फक्त कॉफीच्या वरच्या पातळीपर्यंत न्यायचा, अगदी तळाशी रेटायचा नाही. रेटला की बसलेला गाळ पुन्हा उठतो. आणि सगळी कॉफी कपांत ओतून घ्यायची. भांड्यात ठेवली तर ती मुरत राहते आणि दुसरा कप कडू होतो.

बिघडली तर काय करायचं, तेही सांगते. आंबट, पाणचट लागली तर पाणी जास्त गरम घ्या किंवा पूड किंचित बारीक. कडू, घशाला धरणारी लागली तर पूड जाड करा. मातीसारखी लागली तर आधी जाळी हुंगा. जाळीच्या चकत्यांमध्ये कॉफीचं तेल अडकून खवट होतं. रोज जाळी सुटी करून साबणानं धुवा. चोथा मोरीत टाकू नका, नळी तुंबते. घरच्या खतात मिसळा. आमच्या जास्वंदीला तेच खत जातं आणि तिची फुलं बाप्पाला येतात. पण एका वेळी एकच बदल करायचा, ही ह्यांची अट माझ्याकडून तुम्हालाही लागू.

आता जायफळ. मुलीनं फोनवर सांगितलं होतं, "आई, चांगल्या कॉफीत काही घालायचं नसतं." मी महिनाभर ऐकलं. मग एके दिवशी पुडीवरच चिमटीपेक्षा कमी जायफळ किसून घातलं आणि ह्यांना सांगितलं नाही. पहिला घोट घेऊन हे थांबले. म्हणाले, "आज साखर घातलीस?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग गोड का लागतेय?" साखर नव्हतीच. तीस वर्षं जायफळ आणि साखर एका कपात आली. वास आला की जीभ आपोआप गोडाची वाट बघते, असं मला वाटतं. वहीत त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात ए ग्रेडच्या पुढे 'जुनी' असा एकच शब्द आहे. जायफळ मात्र चिमटीच्या आत ठेवा, जास्त झालं तर बाधतं.

ज्यांना दूध हवंच, त्यांनी जरूर घ्यावं. तापवलेलं दूध कपात वेगळं घाला, भांड्यात नको. जाळीला दुधाचा थर बसतो. आणि साखर सुटलेली नसेल तर आधी निम्मी करा. एका दिवसात सगळी काढली की जीभ रुसते, हे आम्ही भोगलंय.

एक गोष्ट लपवणार नाही. इथे माझ्या वयाचे बरेच जण आहेत. ही कॉफी औषध नाही. धातूच्या जाळीतून कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य कपात येतं आणि ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदाच्या फिल्टरमध्ये ते अडकतं. म्हणून ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी तयार कॉफी कागदी फिल्टरमधून गाळून घ्यावी. चव थोडी पातळ होते, पण चालते. ह्यांचा रिपोर्ट काठावर आला तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सकाळचा एक कप चालेल, तपासणी चुकवू नका. आम्ही आता आठवड्यातून चार दिवस कागदातून गाळतो. ज्यांना झोपेची किंवा रक्तदाबाची तक्रार आहे, त्यांनी दुपारनंतर घेऊ नये. आज दुपारी मी तुम्हाला देतेय, तर अर्धाच कप देणार आहे.

शेवटचं. हे भांडं फार महागाचं नाही. लहान आकाराचं हजार रुपयांच्या आत मिळतं. आणि भांडं नसेल तरी अडत नाही. पातेल्यात हेच प्रमाण, हीच चार मिनिटं, वर झाकण, आणि स्वच्छ पातळ फडक्यातून गाळून घ्या. कॉफी होते.

पण कोणतंही भांडं घेतलंत तरी आठ-नऊ मिनिटं कुठे जाता येत नाही. पाणी ओतल्यावर करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं बसायचं असतं. आमच्या घरी आता मी पाणी ओतते आणि हे घड्याळ बघतात. मग मुलीचा फोन, गुडघ्याची तक्रार, इचलकरंजीच्या घराचं काय करायचं, हे सगळं परत त्या वेळात यायला लागलंय. पाणी तापवण्यापासून कप रिकामे होईपर्यंत एकदा मी मोजून पाहिलं. वीस मिनिटं लागतात.

मागच्या रांगेत पंख्याखाली जे टोपी घालून बसलेत ना, तेच आमचे क्वालिटी कंट्रोल. वही त्यांच्या खिशात आहे. तुम्ही कॉफी घ्या आणि ग्रेड त्यांना सांगा. खरा सांगा, ते रिजेक्ट ऐकून घेतात. साडेचारला अथर्वशीर्षाची आवर्तनं आहेत, त्याआधी कप विसळून जागेवर ठेवूया.

गणपती बाप्पा मोरया!